मदत हवी आहे : दुष्काळावरची आणि बायकांच्या आठवणींची पुस्तकं सुचवा

मंडळी, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली आणि मन अजून त्या माळावरच आहे. मास्तर पोरं गोळा करतो, गाव राबून तालीम बांधतं आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरं घेऊन माणसं जगायला बाहेर पडतात, गाव रिकामं होतं. लेखक कुठेही गळा काढत नाही, म्हणून ते जास्त लागतं. गेलेली माणसं पुढे कुठे राहिली, काय खाल्लं, हा प्रश्न काही केल्या सुटत नाहीये.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे' घेतलं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठ-गूळसुद्धा धुऊन घ्यायचे! 1895 साली लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तो भाग मी थांबत थांबत वाचला. एवढं सोसून बाईंच्या लिहिण्यात कडवटपणा नाही. मला कादंबरीपेक्षा हे पुस्तक कांकणभर सरस वाटलं.

आता मला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवंय. 1972च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, सुकडी (दुष्काळी कामांवर मिळणारा कोरडा खाऊ) आणि लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीवर दिवस काढलेल्या बायकांनी स्वतः सांगितलेल्या आठवणी कुठे पुस्तकरूपात आल्या आहेत का? सरकारी अहवाल नकोत, माणसांचं बोलणं हवं. मराठवाडा किंवा माणदेशातलं असेल तर फारच उत्तम. जुनं, बाजारात न मिळणारं असलं तरी नाव सांगा, ग्रंथालयातून शोधेन. आणि तुम्ही स्वतः वाचलं असेल तर त्यातलं काय आवडलं, तेही जरूर लिहा.