सीडीवरचं छुपं गाणं सापडत नाही

प्रश्न: निर्व्हाना या रॉक बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) अल्बममधलं छुपं गाणं माझ्या सीडीवर वाजतच नाही. डिस्क खराब आहे का?

उत्तर १: डिस्कला दोष देण्याआधी शेवटच्या, १२व्या ट्रॅकची लांबी बघा. २० मिनिटं असेल तर गाणं आहे: मध्ये दहाएक मिनिटं नुसती शांतता, मग ‘एंडलेस, नेमलेस’. चार मिनिटांच्या आत असेल तर बहुधा सुरुवातीची प्रत; त्यांत ते चुकून राहून गेलं होतं. विकू नका!

उत्तर २: नव्वदीतल्या काही सीडींवर गाणं पहिल्या ट्रॅकच्याही आधी लपवलेलं असतं. ट्रॅक १ लावून रिवाइंड दाबून धरा, वेळेचा आकडा उण्यात जाईल. कॉम्प्युटरवर साध्या रिपिंगमध्ये (सीडीवरची गाणी फाइल म्हणून उतरवताना) नेमका हाच भाग गळतो.

प्रश्नकर्ता: १२वा ट्रॅक चारच्या आतच दाखवतोय.