‘गेहेन्ना’ला ‘नरक’ म्हणायचं का?

वसईकर: रविवारी चर्चमध्ये मराठी बायबलमधलं मत्तय ५:२२ वाचलं गेलं, ‘नरकाग्नी’वालं. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘गेहेन्ना’ आहे. हिब्रूत गे-हिन्नोम, म्हणजे हिन्नोमचं खोरं. जुन्या यरुशलेमच्या नैर्ऋत्येला आजही आहे. यहोशवाच्या पुस्तकात तर ती यहूदा वंशाच्या शिवेची खूण! भाषांतरात ‘नरक’ लिहिलं की ही जागाच पुसली जाते. नाव जसंच्या तसं ठेवावं.

पोस्टकार्ड: नका हो. माझ्या आजीला गेहेन्ना म्हणजे एखाद्या औषधाचं नाव वाटेल. येशूचं ऐकणाऱ्यांनाही तेव्हा शिक्षाच आठवत असणार, शीव नाही.

वसईकर: शिक्षा का आठवायची, तेच तर सांगतोय. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथे पोटची पोरं अग्नीत घातली. पुढे योशीया राजाने ती बळी द्यायची जागा, ‘तोफेत’ तिचं नाव, भ्रष्ट करून टाकली. यिर्मया संदेष्टा म्हणाला, याला आता कत्तलीचं खोरं म्हणतील. आपला ‘नरक’ ऐकला की यमदूत, तेलाची कढई, आणि भोग संपले की पुढचा जन्म. मेळ कुठे बसतो?

उगाच_मध्ये: शहराचा कचरा तिथे जळायचा ना? म्हणून न विझणारा अग्नी.

शाईची_दौत: प्रत्येक प्रवचनात हेच! कचऱ्याची गोष्ट डेव्हिड किम्ही या ज्यू भाष्यकाराने लिहिली, इ.स. १२०० च्या आसपास. येशूनंतर हजारावर वर्षांनी. ‘किडा मरत नाही, अग्नी विझत नाही’ हे बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळीतलं आहे, तिथे प्रेतं आहेत, उकिरडा नाही. उलट १९७९ मध्ये त्याच खोऱ्याच्या कडेला, केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत, चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. उलगडायलाच काही वर्षं गेली. आत काय, तर ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’! नरकाच्या काठावर.

पोस्टकार्ड: वा, हे माहीत नव्हतं. तरी आजीचा प्रश्न उरतोच.

उगाच_मध्ये: ‘जहन्नममध्ये जा’ तर आजीलाही कळतं. अरबी-फारसी फिरून आलेलं तेच नाव आहे ते. तेच छापा.

पोस्टकार्ड: देवळात जहन्नम वाचायचं? फादर पुस्तक मिटून घरी जातील.

वसईकर: मजकुरात गेहेन्ना, तळटीपेत खोरं. यापुढे मी एक पाऊल मागे घेणार नाही.

पोस्टकार्ड: तळटीप आजीला चष्मा लावूनही दिसत नाही.