चर्चा: भिंतीवरच्या फळ्या वरखाली होणाऱ्या हव्यात की सुताराने एकदाच ठोकलेल्या?

कारेलीबागकर

आधी माझं मत, मग हवं तेवढं भांडा.

नवा फ्लॅट घेतला की आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांत पहिलं काम ठरलेलं. सुताराला बोलवायचं आणि हॉलची अख्खी भिंत मढवून घ्यायची. टीव्हीच्या मापाचा खण, दोन्ही बाजूंना शोपीससाठी चौकोन, वर कमान, आत पिवळा दिवा. पुढे टीव्ही बदलतो आणि नवा त्या खणात मावत नाही. मुलगी मोठी होते, तिच्या फाइलींना तेरा इंच उंची लागते आणि खण निघतो अकराचा. मग फाइली आडव्या ठेवायच्या आणि वरच्या दोन इंचांत लाइटबिलं कोंबायची. असं निम्म्या घरांत बघितलंय.

माझं म्हणणं सोपं आहे. भिंतीवर छिद्रांच्या उभ्या लोखंडी पट्ट्या ठोका, दुकानात स्लॉटेड चॅनेल म्हणून मागा. त्यांत ब्रॅकेट अडकवा, वर सुट्या फळ्या. फळी दहा इंचांवर हवी की चौदावर, हे दर वर्षी नव्यानं ठरवता येतं. घर बदललं तर सगळं उतरवून बरोबर नेता येतं.

ही काही माझी अक्कल नव्हे. स्वीडनमध्ये निसे स्ट्रिनिंग यांनी १९४९ साली तारेच्या शिड्यांवर टेकणाऱ्या फळ्या केल्या. जर्मनीच्या डीटर राम्स यांची ६०६ नावाची मांडणी १९६० सालची, ती आजही बनते. लांब कशाला, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन या. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवली. तिथले लोखंडी रॅक बघा, मधली जाड काचेची जमीन बघा, वरच्या मजल्यावरचा उजेड खाली कसा येतो तेही बघा. पुस्तकं कशी ठेवावीत हे ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी कळत होतं, त्या गावात आपण खोटी कमान ठोकून घेतो.

दांडियाबाजारवाली

भाऊ, तुमच्या कमानीवरच्या रागाला माझा पाठिंबा. बाकी सगळ्याला विरोध.

एक तर ते दिसतं कसं? काळ्या पट्ट्या, त्यांत ब्रॅकेट, वर फळ्या, म्हणजे हुबेहूब मंगळ बाजारातलं रेडिमेडचं दुकान. हॉलमध्ये पाहुणा येऊन बसला की त्याला "साइझ दाखवू का" म्हणावंसं वाटेल.

दुसरं, फळ्या वरखाली करणार कोण? पहिल्या दिवशी ज्या छिद्रात ब्रॅकेट घातला, त्याच छिद्रात तो जन्मभर राहतो. माझ्या नणंदेकडे आहे असं, म्हणून बोलतेय. हलवायची सोय आहे म्हणून लोक खूश असतात. हलवत कोणीच नाही.

कारेलीबागकर

ताई, नणंदबाईंच्या फळ्या हलल्या नाहीत, कारण पहिल्याच दिवशी त्यांना हव्या त्या उंचीवर लावता आल्या. सुताराच्या खणात तेवढंही जमत नाही. तो कागदावर माप काढतो तेव्हा आपलं सामान खोक्यात बांधलेलं असतं.

निवृत्त ओव्हरसियर

लायब्ररीचं उदाहरण दिलंत, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. तिथल्या रॅकचा भार भिंतीवर नाही, लोखंडी खांबांवर आहे, आणि ते खांब मधल्या जमिनीचंही वजन पेलतात. तुम्ही मात्र सगळं भिंतीला टांगायला सांगताय. फळी हलते की नाही हा प्रश्न मागाहून. आधी भिंत कोणती ते सांगा.

पुस्तकांचं वजन लोक फार कमी धरतात. दाटीनं लावलेली पुस्तकं मीटरला ३० किलोच्या आसपास भरतात, म्हणजे तीन फुटी फळीवर २५ ते ३० किलो. दोन ब्रॅकेट असतील तर प्रत्येकावर १५ धरा. पुस्तकाचं वजन भिंतीपासून साडेचार इंचांवर पडतं असं समजा. एल आकाराच्या छोट्या ब्रॅकेटच्या दोन स्क्रूंमध्ये पाच इंचांचं अंतर असेल, तर वरचा स्क्रू तेरा-चौदा किलोच्या जोरानं भिंतीतून बाहेर ओढला जातो. रोज, रात्रंदिवस. चार फुटी चॅनेलमध्ये तोच जोर जास्त स्क्रूंमध्ये वाटला जातो. म्हणून एल ब्रॅकेटपेक्षा चॅनेल बरा, एवढं तुमचं म्हणणं मान्य.

आता भिंत. नऊ इंची पक्क्या विटेची असेल तर भोकात ठोकायची प्लास्टिकची गिट्टी आणि तिच्यात दोन इंची स्क्रू पुरतो. ड्रिलमधून लाल भुकटी येते की पांढरट, हे बघत जा. लाल आली तर वीट लागली. पांढरट किंवा करडीच येत राहिली तर तुम्ही गिलाव्यात किंवा सांध्यात आहात, जागा इंचभर बदला. नव्या इमारतींत पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधी गिट्टी गरगर फिरते, त्या ब्लॉकसाठीची लांब गिट्टी वेगळी मागावी लागते. आणि रावपुऱ्यातल्या, वाडीतल्या जुन्या घरांत विटांमध्ये माती नाहीतर चुना, वर दीड-दोन इंच गिलावा. तिथे भोक पाडायला घेतलं तर ओंजळभर भिंत हातात येते. तिथे लाकडी खांबांना आडवी पट्टी मारून तिच्यावर चॅनेल घ्या, किंवा पट्ट्या थेट जमिनीवर उभ्या करा आणि भिंतीला नुसत्या बांधून ठेवा. ज्या ६०६ चं नाव घेतलंत, तिच्यातही जमिनीवर उभा राहणारा प्रकार आहे.

फळीला पोट येतं ते वेगळंच. तेवढ्याच दाटीची पुस्तकं ठेवून दोन ब्रॅकेटमधलं अंतर दोन फुटांवरून तीन फूट केलंत, तर झोळ दीडपट वाढत नाही, पाचपट वाढतो. १८ मिलिमीटरच्या प्लायला पुस्तकांसाठी दोन फूट अंतर योग्य, अडीचच्या पुढे जाऊ नये. ब्रॅकेट फळीच्या अगदी टोकांना लावायची खोड सगळ्यांना असते. तसं न करता लांबीचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही बाजूंना मोकळा सोडा. तीन फुटी फळीला टोकापासून सात-आठ इंच आत. मोकळी टोकं मधल्या भागाला वर उचलून धरतात.

सुताराचा नातू

काका, हिशोबाला हात जोडले. पण "सुतार म्हणजे कायमचं ठोकून जाणारा माणूस" हे कोणी ठरवलं?

कपाटाच्या दोन्ही उभ्या बाजूंना आतून भोकांची ओळ पाडायची, दोन भोकांत ३२ मिलिमीटरचं अंतर, प्रत्येक भोक ५ मिलिमीटरचं. त्यात पिना घालायच्या आणि वर फळी टेकवायची. युरोपातले कारखाने वर्षानुवर्षं याच मापावर कपाटं काढतात, आपल्याकडचं मॉड्युलर किचनही त्यावरच चालतं. बाहेरून अख्खं कपाट, आत फळी हवी तिथे. ताईंना दुकान दिसणार नाही आणि धागाकर्त्यांच्या मुलीच्या फाइली उभ्या राहतील. सुताराला सांगितलं तर तो करतो. गिऱ्हाईक सांगतं काय, तर "इंटरनेटवर आहे तसं करा". आणि इंटरनेटवर कमान असते.

शिवाय फळीच्या पुढच्या कडेला दीड इंची लाकडी पट्टी उभी मारली की फळीचं पोट बरंच कमी होतं. सुट्या फळीवाले हे करत नाहीत.

कारेलीबागकर

करत नाहीत, कारण सुटी फळी उलटता येते. दिवाळीच्या साफसफाईला फळी काढायची, पुसायची आणि पालथी घालायची. वर्षभर खाली आलेला बाक पुढच्या वर्षी उलट्या बाजूनं निघतो.

सुताराचा नातू

आणि खालची बाजू बिनपॉलिशची असेल तर? वरून काय दिसेल? उलटायची तर दोन्ही बाजूंना सारखं सनमायका लावून घ्या. तसंही एकाच बाजूला लावलेली फळी वाकडी व्हायला बघते. तेवढा खर्च धरून पुन्हा सांगा चॅनेल किती स्वस्त पडतो ते.

फाइनआर्ट्सची

इथे सगळे साठवणीवरच बोलताय. मांडून ठेवणं हे वेगळं काम आहे, आणि तिथे मी वरखाली होणाऱ्या फळीच्या बाजूनं आहे.

वस्तू बघायची तर तिच्याभोवती मोकळी जागा लागते. आजीचं पितळी घंगाळ घ्या. ते बारा इंचांच्या खणात बसवलं की वरची कड झाकली जाते आणि ते फक्त "ठेवलेलं" दिसतं. वर पाच-सहा इंच हवा सोडली, फळी डोळ्यांच्या जरा खाली आणली, की त्याचे कान दिसतात, ठोक्यांच्या खुणा दिसतात. प्रत्येक वस्तूची उंची वेगळी, म्हणून फळीची उंचीही वेगळी. चौकोनांच्या युनिटमध्ये नऊ सारखे खण असतात आणि त्यांत नऊ वेगळ्या उंचीच्या वस्तू गुदमरतात. घरातल्या सगळ्या वस्तू एकदम मांडायचीही गरज नाही. चार बाहेर, बाकी आत, दोन-तीन महिन्यांनी बदल. संग्रहालयंसुद्धा सगळं एकदम बाहेर काढत नाहीत. बदल करायचा तर फळी हलायलाच हवी.

दुकानासारखं दिसतं यावर उपाय आहे. पट्ट्या भिंतीच्याच रंगात रंगवा. आणि कापायची वेळ आली तर पट्टी खालून कापा, वरून नाही. वरचं टोक तसंच ठेवलं की दोन्ही पट्ट्यांत वरून सातवं छिद्र एकाच रेषेत येतं. पहिली पट्टी वरच्या एका स्क्रूवर लोंबू द्या, ओळंबा धरा, मग बाकीचे स्क्रू. दुसरीच्या वेळी दोन्हींत ब्रॅकेट अडकवून, वर फळी टेकवून लेव्हल बघा. घाईत लावलेल्या पट्ट्यांत एक ब्रॅकेट दोन मिलिमीटर खाली असतो आणि घंगाळ डुगडुगतं. सगळं दुकानाचं रूप येतं ते या डुगडुगण्यातून.

दांडियाबाजारवाली

घंगाळाचं पटलं. पण आमच्या शेजारच्या गुजराती काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतभर अभराई आहे, म्हणजे भांडी मांडायची लांब फळी, वर पितळेचे डबे-हंडे ओळीनं. एकाच उंचीची, पक्की, कधीही न हललेली. आणि तिच्याइतकं देखणं मांडलेलं मी कुठल्या चॅनेलवर बघितलेलं नाही.

फाइनआर्ट्सची

कारण काकूंनी आधी भांडी मोजली, मग अभराई केली. आणि पन्नास वर्षं भांडी तीच आहेत. ज्यांच्या वस्तू बदलत नाहीत त्यांनी खुशाल पक्कं करावं.

अकोट्याहून

तळमजल्यावर राहतो, म्हणून वेगळं बोलतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी घरात आली. जमिनीवर बसवलेलं प्लायचं युनिट खालून फुगलं, पापुद्रे सुटले, सगळं फेकावं लागलं. भिंतीवर चॅनेल होता त्या खोलीत पाणी चढतंय म्हटल्यावर खालच्या दोन फळ्या काढून वर अडकवल्या, पुस्तकांसकट नाही अर्थात, पुस्तकं आधी माळ्यावर. पाणी ओसरल्यावर पट्ट्या पुसल्या, खालचे स्क्रू गंजले होते ते बदलले. संपलं.

निवृत्त ओव्हरसियर

यात गुण टांगण्याचा आहे, हलण्याचा नाही. पक्कं कपाटही अडीच फुटांवर टांगलं असतं तर बरंचसं वाचलं असतं. बाकी तळमजल्यावर प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या, साधा नको. फुगणं पूर्ण टळणार नाही, पण पापुद्रे लवकर सुटत नाहीत.

चॅनेलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ब्रॅकेट नुसता अडकवलेला असतो, खालून धक्का बसला की निघतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात वडोदऱ्यात घरं हलली, ते ज्यांनी अनुभवलं त्यांना सांगायला नको. घरात लहान मूल असेल तर ते फळीला लोंबकळणारच. फळी खालून ब्रॅकेटला स्क्रूनं बांधा आणि ब्रॅकेट लॉक होणारा मिळाला तर तोच घ्या. पलंगाच्या डोक्याशी पुस्तकांची फळी नको, हलती असो की पक्की.

भाड्याच्या घरातला

मला एवढंच सांगा, घरमालक खिळा मारू देत नाही, तर मी काय करू?

सुताराचा नातू

जमिनीवर उभा राहणारा लोखंडी रॅक. भोकं त्यालाही असतात, फळ्या त्यातही हलतात. दिसायला ताईंना आवडणार नाही.

दांडियाबाजारवाली

ताईंना कळतं भाड्याच्या घराचं, तुम्ही काळजी करू नका.

माझा निकाल: मुलांच्या खोलीत चॅनेल लावा, कारण मुलं वाढतात. पुस्तकांना सुताराचं कपाट, आत पिनांच्या भोकांचं, बाहेर काच. आणि उघड्या फळ्यांची एवढी बाजू घेणाऱ्यांनी आधी ठरवा, त्या पुसणार कोण. उन्हाळ्यात इथे सकाळी पुसलेली फळी संध्याकाळपर्यंत पांढरी होते. भार, भूकंप, पूर, सगळं झालं. धुळीबद्दल एकाही पुरुषानं अक्षर काढलेलं नाही.

कारेलीबागकर

आमच्याकडे मी पुसतो. निकालातलं निम्मं मान्य, काच सोडून. काच कोण पुसतं ते तुम्ही सांगितलं नाहीत.