एचएमआय (टच स्क्रीन), पीएलसी आणि ड्राइव्ह एकाच ४८५ वर: ड्राइव्ह मध्येच सीई१० दाखवून थांबतो

मकरपुरा_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी. बडोदा, मकरपुरा जीआयडीसी. पावडर मिसळायचा रिबन ब्लेंडर आहे. डेल्टाचा १४एसएस२ पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि दोन एमएस३०० ड्राइव्ह (मोटरचा स्पीड बदलणारे), एक ब्लेंडरच्या मोटरला, एक खालच्या स्क्रू कन्व्हेयरला. पीएलसीच्या कॉम२ पोर्टवरून ४८५ ची (आरएस-४८५, कम्युनिकेशनच्या दोन तारा) जोडी दोन्ही ड्राइव्हना जाते. मॉडबस आरटीयू (या तारेवर बोलायची पद्धत), सेटिंग ९६००, ८, एन, १. स्पीड आणि रन कमांड पीएलसीच लिहितो. इथवर काहीच तक्रार नव्हती.

शेठना दुसऱ्या युनिटमध्ये आहे तशी टच स्क्रीन हवी. उत्तरायणाच्या सुट्टीत पॅनेलच्या दारावर सात इंची बसवली. बसवायला आलेल्या माणसाने स्क्रीनची वायर त्याच ४८५ च्या जोडीला मारली. ड्राइव्ह १ आणि २ नंबरवर, पीएलसी ३ वर. आकडे येतात, मग कम्युनिकेशन एररची पट्टी, मग परत आकडे. हे एक वेळ चालेल, पण अधूनमधून ड्राइव्हच सीई१० (कम्युनिकेशन वेळेत आलं नाही ही एरर) देऊन थांबतो. माल भरलेला ब्लेंडर मध्येच थांबला की परत उचलताना मोटर ओव्हरलोडला जाते, मग अर्धा माल हाताने काढा.

शील्डेड केबल टाकून झाली. टोकाला १२० ओहम लावून झाला. स्क्रीनवाला म्हणतो पीएलसी गेला, पीएलसी विकणारा म्हणतो स्क्रीन हलकी आहे. खरं काय?

सांवेर_रोड_इंदूर:
मोटरच्या केबली आणि ४८५ एकाच डक्टमध्ये आहेत का? आमच्याकडे तेवढ्यानेच व्हायचं. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. स्क्रीन आणि पीएलसी वेगळ्या एसएमपीएसवर (२४ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर) असतील तर त्यांचे ० व्होल्ट जोडलेत का तेही बघा. आणि १२० ओहम लाइनच्या दोन टोकांनाच हवा, मधल्या ड्राइव्हचा जंपर चुकून ऑन नाही ना?

पॅनेलवाले_काका:
इंदूरकरांनी सांगितलं ते सगळं कर, पण तुझं दुखणं वेगळं आहे. आधी एक परीक्षा घे. दोन्ही मोटरी बंद, ड्राइव्हला नुसती पॉवर. पट्टी येते का बघ. नॉइज असेल तर मोटर फिरताना त्रास आणि थांबली की शांतता. तुझ्याकडे थांबलेल्या मशीनवरही पट्टी येणार, पैज लाव. मग स्क्रीनची वायर काढ आणि एक शिफ्ट चालव. सीई१० गायब होईल.

तुझ्या तारेवर दोन मास्टर बसलेत. मॉडबस १९७९ मध्ये मोडिकॉनने काढला तोच या हिशेबाने की मास्टर एक, बाकी सगळे स्लेव्ह. स्लेव्ह विचारल्याशिवाय बोलत नाही. ४८५ वर आरटीयू चालवताना मास्टर तार मोकळी आहे का हे बघत नाही, त्याची वेळ झाली की बोलतो. इथे पीएलसी ड्राइव्हला विचारतोय आणि त्याच क्षणी स्क्रीन पीएलसीला विचारतेय. एका वर्गात दोन मास्तरांनी एकदम हजेरी घेतल्यासारखं. दोन्ही फ्रेम (संदेश) एकमेकींत मिसळतात, सीआरसी (फ्रेमच्या शेवटचा तपासणीचा आकडा) जुळत नाही, ड्राइव्ह ती फेकून देतो. पॅरामीटर ०९-०३ मध्ये जी वेळ भरली असेल तेवढ्यात धड फ्रेम आली नाही की सीई१०. कधी कधी दोघांची वेळ टळते, तेव्हा तुला आकडे दिसतात. म्हणून सगळे नॉइज समजतात.

०९-०२ बदलून ड्राइव्हला 'ट्रिप होऊ नको' सांगणारेही भेटतील. ऐकू नकोस. पीएलसीची वायर खरंच तुटली तर ब्लेंडर शेवटच्या स्पीडवर फिरत राहील.

इलाज सोपा आहे. कॉम२ ड्राइव्हनाच ठेव. स्क्रीन कॉम१ ला लाव, जिथे तू लॅपटॉप लावतोस तो गोल ८ पिनचा. तो आरएस-२३२ आहे, दारापर्यंतच्या अंतराला भरपूर झाला. पीएलसीच्या बाजूला पिन ४ आरएक्स, ५ टीएक्स, ८ ग्राउंड. पिन १ आणि २ वर ५ व्होल्ट असतात, त्यांना हात लावू नकोस. स्क्रीनच्या बाजूच्या पिना तिच्या मॅन्युअलमधून घे, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

कॉम१ फॅक्टरीतून ९६००, ७, ई, १, एएससीआयआय, स्टेशन १ असा येतो. स्क्रीनमध्ये तेच भर, फक्त पीएलसीचा नंबर तू ३ केला होतास, तो तसाच असेल तर स्टेशन ३. ड्रायव्हरच्या यादीत डेल्टा डीव्हीपी असेल तर तोच घे, थेट डी१०० (पीएलसीच्या रजिस्टरचं नाव) लिहिता येतं. नुसता मॉडबस असेल तर डी० म्हणजे हेक्स १०००, म्हणजे ४०९६, म्हणून डी१०० झाला ४१९६. काही स्क्रीन १ पासून मोजतात आणि पुढे रजिस्टरचा ४ लावतात, त्यांना ४४१९७ लिहावं लागतं. आकडा शेजारच्या रजिस्टरचा दिसायला लागला तर हेच कारण.

सांवेर_रोड_इंदूर:
काका, स्क्रीनलाच एकटं मास्टर करून ड्राइव्ह आणि पीएलसी दोन्ही स्लेव्ह केले तर? वायर तीच राहील.

पॅनेलवाले_काका:
चालेल, पण मला पटत नाही. स्क्रीन हँग झाली की स्पीड कमांड गेली. स्क्रीन बघायला असते, मशीन पीएलसीने चालवावं.

मकरपुरा_मेंटेनन्स:
मोटरी बंद असतानाही पट्टी येत होती, काका. केबल बनवून स्क्रीन कॉम१ वर घेतली, दोन दिवस झाले, ड्राइव्ह एकदाही थांबला नाही. आता दोन अडचणी. प्रोग्राम बघायचा तर स्क्रीनची केबल काढावी लागते. आणि शेठना स्क्रू कन्व्हेयरचं जॉग बटण (दाबून धरलं तेवढाच वेळ फिरवणारं) स्क्रीनवर हवंय.

पॅनेलवाले_काका:
पहिल्याला: काही स्क्रीनमध्ये पास-थ्रू असतो, लॅपटॉप स्क्रीनला लावून पीएलसी दिसतो, मॅन्युअलमध्ये शोध. नाहीतर पुढच्या पॅनेलला १२एसई घ्या, त्यात दोन ४८५, यूएसबी आणि इथरनेट सगळं आहे.

दुसरं मात्र नीट वाच. स्क्रीनवरचं मोमेंटरी बटण दाबलं की पीएलसीच्या मेमरीतल्या एम बिटमध्ये १ लिहितं, सोडलं की ० लिहितं. दाबून धरलेलं असताना केबल निघाली तर ० कधी पोचतच नाही. बिट १ राहिला, स्क्रू फिरतोय, आणि खाली कुणीतरी हात घालून डाऊनपाइप मोकळा करतोय. म्हणून स्क्रीनच्या मॅक्रोतून एक रजिस्टर दर अर्ध्या सेकंदाला १ ने वाढव. पीएलसीत बघ, दोन सेकंदांत ते बदललं नाही की जॉगचा बिट रिसेट. तरी दोन सेकंद स्क्रू फिरणारच, तेव्हा पाइप साफ करताना आयसोलेटर बंद आणि कुलूप. इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवर घेऊ नकोस, शेठ कितीही म्हणाले तरी. लाल मशरूम बटण दारावर, वायर थेट सेफ्टी रिलेला. खरं विचारशील तर जॉगलाही साधं पुशबटण लाव, ते पीएलसीच्या इनपुटला. स्क्रीनवर नुसता दिवा दाखव.