केळीवर हरण्या की स्ट्रीक? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कळेल का

केळीवाला_रावेर:
नमस्कार मंडळी, ग्रँड नैन जातीच्या केळीची टिश्यू कल्चरची बाग आहे, काही झाडांच्या कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे आलेत आणि पोंगा वाकडा निघतोय. शेजारचे म्हणतात हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), दुकानवाला म्हणतो बनाना स्ट्रीक व्हायरस. फोटो बघितले तर दोन्ही सारखेच दिसतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली व्हायरस डायरेक्ट दिसतो म्हणे, खरंय का?

ग्रिडवाली:
हो दादा, दिसतो, आणि तुमच्या केसमध्ये तर आकारावरूनच ओळखता येतं. सीएमव्हीचा कण गोल, साधारण 29 नॅनोमीटरचा, स्ट्रीकचा कॅप्सूलसारखा लांबट, 30 बाय 130 ते 150. पानाचा तुकडा बफरच्या थेंबात चुरायचा, त्यावर तांब्याची 3 मिलिमीटरची ग्रिड म्हणजे बारीक जाळी टेकवायची, मग कण उठून दिसावेत म्हणून 2 टक्के युरेनिल अ‍ॅसिटेट लावून फिल्टर पेपरने टिपून घ्यायचं, झालं. फक्त लॅबला सांगा की त्याऐवजी फॉस्फोटंगस्टेट वापरू नका, त्यात सीएमव्हीचे कण फुटतात आणि मग झाड रोगी असूनही ग्रिड रिकामी दिसते. हे फार महत्त्वाचं आहे.

पीसीआर_प्रेमी:
एवढा खटाटोप कशाला, पीसीआर करा ना, म्हणजे व्हायरसची जनुकं शोधणारी चाचणी, स्वस्त आणि जास्त सेन्सिटिव्ह.

ग्रिडवाली:
सीएमव्हीला आरटी-पीसीआर चांगलाच, त्यात वाद नाही. पण स्ट्रीकची गोष्ट वेगळी, बाल्बिसियाना या रानटी केळीकडून आलेला बी जीनोम असलेल्या केळीत या व्हायरसचा डीएनए झाडाच्या स्वतःच्या जीनोममध्येच बसलेला असतो, त्यामुळे निरोगी झाडही पॉझिटिव्ह येऊ शकतं. ग्रँड नैन एएए आहे, म्हणजे त्यात बी जीनोम नाही, म्हणून यांना तो प्रश्न नाही, पण संकरित जातींत कण प्रत्यक्ष दिसले तरच खात्री. आणि उलट बाजूही सांगते, कण कमी असले की दिसत नाहीत, म्हणून ग्रिडवर आधी अँटीसीरम, म्हणजे त्या व्हायरसविरुद्धची प्रतिद्रव्यं, लावतात, ते कण पकडून ठेवतं. नुसतं 'दिसलं नाही' एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

खानदेशी_शेतकरी:
भाऊ रिपोर्टची वाट बघत बसू नको. लक्षणं दिसलेली झाडं आजच मुळासकट काढून लांब गाड, आणि बागेत काकडी, कलिंगड असलं काही आंतरपीक असेल तर तेही बघ, हरण्या मावा किडीमुळे पसरतो आणि मावा तो तिथूनच घेऊन येतो. स्ट्रीक असेल तर तो पिठ्या ढेकूण आणि रोपांतून पसरतो, तेव्हा रोपं कुठून घेतली ते बघायला हवं. त्रिचीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात व्हायरस तपासणी होते, आधी फोन करून नमुना कसा पाठवायचा ते विचार.

केळीवाला_रावेर:
खूप धन्यवाद. बांधाला काकडी आहेच! उद्या सकाळी आधी तीच काढतो.