कुर्डीच्या धालोच्या कॅसेटी विद्यापीठाच्या संग्रहात द्यायच्यात, आधी काय करू?

वाडेंकार
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे कुर्डीचे, गाव साळावली धरणात गेलं तेव्हा घरच्यांना वाडें इथे जागा मिळाली, मी तेव्हा लहान. बाबांना टेपरेकॉर्डरचा नाद होता, गाव सोडायच्या आधी आणि नंतर वसाहतीतही त्यांनी बायकांचे धालो (पौषातल्या रात्री बायका गात-नाचत खेळतात ते), फुगड्या, जात्यावरच्या ओव्या असं बरंच टेप करून ठेवलं. परवा माळा साफ करताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात 14 कॅसेटी मिळाल्या आणि एक वही, शाईने लिहिलेली, निम्मी पानं एकमेकांना चिकटलेली. मला हे सगळं गोवा विद्यापीठाला द्यायचंय, तिथल्या ग्रंथालयात इतिहासकार पिसुर्लेकरांचा संग्रह जपलाय तर आमचाही जपतील असं वाटतं. पण भीती अशी की मागे एकजण अभ्यासाला म्हणून चार कॅसेटी घेऊन गेले, कॉपी करून आणून देतो म्हणाले, त्या आजपर्यंत आल्या नाहीत. आमच्या गावात महादेवाचं देऊळ होतं ते दगड न दगड सोडवून धरणाजवळ परत उभं केलं, पण मांड, म्हणजे धालो खेळायची पवित्र जागा, काही तसा उचलून नेता येत नाही, त्याचं जे उरलंय ते या डब्यात आहे. तर द्यायचं कसं, आधी काय करायचं, कोणी केलं असेल तर सांगा.

शिरोड्याचा_घुमटवाला
पहिली गोष्ट, घरातल्या जुन्या टेपवर लावून बघायचा मोह आवर. कॅसेटच्या काचेतून बघ, रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, आपल्या पावसात हमखास धरते, ती वाजवलीस तर हेड खराब होतो आणि पुढची चांगली कॅसेटही नासते. अशा कॅसेटी वेगळ्या काढून ठेव, त्या जाणकारानेच साफ करायच्या. बाकीच्यांच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे आधी मोडून टाक म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मी माझ्या काकांच्या भजनाची एक कॅसेट अशीच घालवलीय, बटण दाबताना बोट चुकलं आणि त्यांचा अभंग मधोमध पुसला गेला, अजून आठवलं की पोटात तुटतं.
डिजिटल करताना एमपीथ्री नको, वेव्ह फाइल कर, 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झ. 60 मिनिटांची कॅसेट साधारण 2 जीबी होते म्हणजे 14 कॅसेटी 30 जीबीच्या आसपास, आजकाल ते काहीच नाही. खरखर काढत बसू नको, मूळ आहे तसं ठेव, साफ केलेली कॉपी वेगळी. तीन प्रती कर आणि त्यातली एक तरी दुसऱ्या गावात ठेव. वहीची पानं ओढून सोडवू नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको.

सत्तरीची_लेक
दादा, मशीनचं वरच्या दादांनी नीट सांगितलंय, मी बाईमाणूस म्हणून एक विचारते, त्या बायकांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारलंय का? आम्ही पौषात धालो खेळतो, मांड सारवून, दोन रांगा समोरासमोर, रात्र चढेल तशी गाणी चढतात आणि शेवटच्या रात्री काही बायकांच्या अंगात रंभा येतात. त्यातली काही गाणी मांडावरचीच, ती घरात बसून कोणी म्हणत नाही. आमच्या मांडाचा व्हिडिओ कोणीतरी काढला आणि खाली भलतंच म्युझिक लावून नेटवर टाकला, माझ्या सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. विद्यापीठात द्या, जरूर द्या, नाहीतर आमच्यामागे काही राहणार नाही. पण कुठलं सगळ्यांनी ऐकायचं आणि कुठलं नाही हे त्या बायकांनाच सांगू दे. आणि आवाज कोणाचा ते आजच लिहून घ्या, आवाज ओळखणाऱ्या म्हाताऱ्या किती उरल्यात?

दस्तऐवज_आणि_धूळ
ताईंचं अगदी बरोबर. मी एका संग्रहात नोंदी करायचं काम केलंय, तिथे सगळ्यात वाईट वाटायचं ते 'लोकगीत, स्त्री, गोवा' एवढंच लिहिलेली रेकॉर्डिंगं बघून. कोण गातंय, कुठला वाडा, कुठला मांड, कधी, कोणी टेप केलं, मागून कोण झेलतंय, हे नसेल तर पुढच्या माणसाने काय करायचं त्याचं? पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात 1595 ची, दियोगु द कौतु त्याचे पहिले प्रमुख, चारशे वर्षांचा पत्रव्यवहार, जमिनीचे हिशेब, सगळं आहे, पण त्या कागदांत दळणाऱ्या बाईचा आवाज नाही. तो तुमच्या डब्यात आहे.
देताना लेखी करार मागा, तोंडी काही नको. मूळ कॅसेटी देताय की फक्त कॉपी, हक्क कोणाकडे, कुठलं गाणं बंद ठेवायचं, कोणी छापायचं किंवा वापरायचं म्हटलं तर परवानगी कोण देणार, हे सगळं त्यात यायला हवं. आणि एक प्रत गावात राहिलीच पाहिजे, वाडें-वालकिणीच्या शाळेत किंवा देवळाच्या कमिटीकडे. आपल्याकडच्या रामायण-महाभारताच्या जुन्या कथांची रोमी लिपीतली हस्तलिखितं पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत, टिकली हे खरं, पण आपल्या घरची गोष्ट वाचायला आपल्या माणसाला समुद्रापार बघावं लागतं. कुर्डीच्या गाण्यांचं तसं व्हायला नको. आणि आधीच्या त्या चार कॅसेटी, त्या माणसाला पत्र लिहून मागा, तारीख घालून.

वाडेंकार
देव बरें करूं सगळ्यांना. ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. सांगतो का ते. तिसरी कॅसेट मी तुमची उत्तरं यायच्या आधीच लावली होती (हो, चुकलं, पण बुरशी नव्हती त्यात). आजी एक गाणं सुरू करते, दोन ओळी होतात आणि थांबते, मागे कोंबडा ओरडतो, बाबा म्हणतात म्हण गो आई पुढे, आणि ती म्हणते, "हें घरांत म्हणचें न्हय, मांडार म्हणचें." मग टेप तशीच चालू राहते, नुसता जात्याचा आवाज. मला वाटलं होतं ती विसरली.
ते दोन ओळींचं गाणं आता कोणाला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही. आजीबरोबरची एक मावशी वालकिणीला आहे, कान अजून चांगले आहेत तिचे. या रविवारी लॅपटॉप आणि कोरी वही घेऊन जातो, प्रत्येक आवाजाला थांबवून नाव विचारणार. विद्यापीठाला पत्र त्यानंतर. घुमटवाले दादा, बुरशीवाल्या पाच कॅसेटी निघाल्या, त्या साफ करणारं कोणी फोंड्याच्या बाजूला माहीत असेल तर मेसेज करा.