मदत हवी आहे: विनिपेग ते चर्चिल रेल्वेप्रवास, फेब्रुवारीअखेर

कॅनडातल्या विनिपेगहून हडसन उपसागराकाठच्या चर्चिलपर्यंत रेल्वेने जायचं आहे. अंतर साधारण १,७०० किमी, दोन रात्रींचा प्रवास, गाडी आठवड्यातून दोनदाच. चर्चिलला रस्ता जात नाही, त्यामुळे परतीला रेल्वे किंवा विमान एवढेच पर्याय आहेत.

खरी अडचण उशिराची. वाटेतल्या थॉम्पसन, गिलम या गावांच्या पुढे रूळ दलदलीवर आणि कायम गोठलेल्या जमिनीवर आहेत. वरचा थर वितळून पुन्हा गोठतो, रूळ खालीवर होतात, म्हणून गाडी हळू चालवावी लागते. २०१७च्या पुरात तर मार्ग वाहून गेला आणि दीड वर्ष गाडीच नव्हती! म्हणून जाताना रेल्वे आणि येताना विमान, मध्ये तीन रात्री मोकळ्या, असा बेत आहे. हिवाळ्यात तेवढी मोकळीक पुरेल का?

दुसरं, झोपायचा डबा की बसायची खुर्ची? दोन रात्री खुर्चीत काढल्या तर शेवटच्या सकाळचं दृश्य झोपेत जाईल, अशी भीती वाटते. आणि तोच टप्पा सगळ्यात सुंदर: झाडं खुजी होत जातात, वाऱ्यामुळे फांद्या एकाच बाजूला उरतात, मग उघडा टुंड्रा.

ध्रुवीय प्रकाशाचे फोटो काचेतून घ्यायचे आहेत. लेन्स काचेला टेकवून भोवती काळं कापड धरलं की आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब टळतं. पण हलत्या गाडीत शटर किती सेकंद ठेवावं? काचेवर आतून बर्फ धरतो का?